शंकूची सावली आणि यज्ञवेदीची पूर्वरेषा

वेधशाळा म्हटलं की जयपूरचं २७ मीटर उंच सम्राट यंत्र आठवतं. पण यज्ञवेदीसाठी जमिनीत रोवलेला शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी काठी, ही त्याहून कितीतरी जुनी वेधशाळाच. गार्हपत्य अग्नी पश्चिमेला, आहवनीय पूर्वेला. त्यांना जोडणारी रेषाच तिरकी गेली तर वेदीची पुढची सगळी मापं तिरकी. म्हणून कात्यायन शुल्बसूत्र हा वेदीच्या मापांचा प्राचीन ग्रंथ आधी ही पूर्व-पश्चिम रेषा, ‘प्राची’, काढायला सांगतो.

सांगलीतल्या कुठल्याही उघड्या गच्चीवर हे करून बघता येतं. (होकायंत्र तिथे नको, स्लॅबमधल्या सळया सुई ओढतात.) ६० सेंमी उंचीची काठी उभी करा आणि तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरतं तिथे एक खूण, दुपारी बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन्ही जोडल्या की प्राची मिळाली. २१ मार्चच्या सुमारास सांगलीत सूर्य १२:३९ ला माथ्यावरची रेषा ओलांडतो, त्यामुळे या खुणा पावणेदहानंतर लगेच आणि साडेतीनच्या आसपास मिळतात.

घोळ होतो तो बारीकसारीक गोष्टींत. पाणसळ लावून जमीन सपाट आहे ना ते आधी पाहा. काठी एक अंशाने कलली तरी टोक सेंटिमीटरभर सरकतं, म्हणून ओळंबा टोकावरून सोडा आणि तो टेकेल तोच वर्तुळाचा मध्य धरा. सुती दोरी ताणते; तार बरी. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं असल्याने सावलीची कड सुमारे सेंटिमीटरभर धूसर असते. टोकाला बारीक भोकाची पत्र्याची चकती बसवली तर जमिनीवर उजेडाचा ठिपका पडतो. त्याचा मध्य टिपा आणि ओळंबाही भोकातूनच सोडा. डिसेंबरअखेर दोन खुणांमधलं अंतर मार्चमधल्या ११४ वरून जेमतेम ५५ सेंमीवर येतं, म्हणजे तेवढीच चूक रेषेला दुपटीहून जास्त फिरवते.

सकाळ ते दुपार सूर्याची क्रांतीही (विषुववृत्तापासूनचं त्याचं उत्तर-दक्षिण अंतर) थोडी बदलते. संपातापाशी, म्हणजे दिवस-रात्र समान असतात तेव्हा, त्यामुळे रेषा सुमारे चार कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) ढळते. एवढीशी ढळसुद्धा आपल्या ज्योतिषींनी सोडली नाही: भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त त्यासाठी संस्कार, म्हणजे दुरुस्ती, दिला आहे.

हाच शंकू गावाचा अक्षांशही सांगतो. संपातदिनी मध्यान्हीची सावली सांगलीत १८.२ सेंमी, साताऱ्यात १९.१. काठी १२ अंगुळांची घेतली तर हीच सावली म्हणजे पलभा: सांगलीची ३ अंगुळं ३८ व्यंगुळं (व्यंगुळ म्हणजे अंगुळाचा साठावा भाग), साताऱ्याची ३ अंगुळं ५० व्यंगुळं.