सुचत नाहीये? आधी खुर्चीतून उठा

शर्टाच्या बटणाचा शर्ट सोडून काय काय उपयोग होईल? बसल्या बसल्या विचार केला तर बाहुलीचा डोळा, हरवलेल्या सोंगटीच्या जागी बटण, इथपर्यंत गाडी येते आणि मग अडते. आता हाच प्रश्न डोक्यात ठेवून घरातच चार फेऱ्या मारून बघा.

स्टॅनफर्डच्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी असलेच प्रश्न लोकांना बसवून विचारले आणि चालतानाही विचारले, एकूण १७६ जण, बहुतेक कॉलेजची मुलंमुली. २०१४ मध्ये रिझल्ट छापून आला, चालताना नव्या कल्पना सरासरी ६० टक्के जास्त! मला वाटायचं ही झाडांची, मोकळ्या हवेची जादू असणार, पण कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही जास्त सुचलं, आणि बाहेर व्हीलचेअरवर बसवून फिरवलेल्यांपेक्षा पायी फिरणारे पुढे होते. म्हणजे खरं काम पायांचंच. वेगही आपल्याला झेपेल तेवढाच, घाम गाळायची गरज नाही, आणि चालून येऊन बसलं तरी थोडा वेळ असर टिकतो.

असं का होत असेल? या दोघांचा अंदाज असा की चालताना मेंदूची चाळणी जरा सैल होते, एरवी ठळक आठवणींखाली दबून राहणारे कच्चे विचारही वर येतात.

हॅमिल्टन या आयरिश गणितज्ञाचं मला फार आवडतं. तीन-तीन आकड्यांच्या गटांचा गुणाकार कसा करायचा यावर तो अडकून पडलेला, सकाळी नाश्त्याला मुलंसुद्धा विचारायची, बाबा, जमलं का? १६ ऑक्टोबर १८४३ ला बायकोबरोबर डब्लिनच्या कालव्याकाठी चालताना एकदम सुचलं की तीन नाही, चार आकडे लागतात, आणि त्याने ते सूत्र तिथल्या तिथे चाकूने पुलाच्या दगडावर कोरलं.

पण एक लक्षात ठेवा, जिथे उत्तर एकच असतं तिथे चालून फायदा नाही. ‘कॉटेज, स्विस, केक’ या तिन्हींना जोडणारा शब्द कोणता (चीज!), असल्या प्रश्नांत चालणारे उलट थोडे मागे पडले. त्यामुळे हिशेब, प्रूफ तपासणं, एक्सेल, हे बसूनच करा. मी लेखाचा मुद्दा शोधायला गच्चीत जाते, फोनचा रेकॉर्डर चालू ठेवून, नाहीतर जिना उतरेपर्यंत निम्मं विसरायला होतं, वाक्यं मात्र टेबलाशी बसूनच नीट करते.