चिप म्हणजे छोटा पिच नव्हे

गोल्फच्या सरावाच्या ग्रीनवरच्या, म्हणजे कप असलेल्या आखूड गवताच्या हिरवळीवरच्या, गप्पा ऐकल्या, तर ग्रीनच्या आसपासचा प्रत्येक फटका ‘चिप’ असतो आणि तो जरा लांबून मारला की त्याचाच ‘पिच’ होतो, अशी कोणाचीही समजूत व्हावी. ही समजूत इतकी रुजली आहे की वर्षानुवर्षे खेळणारी, ड्रायव्हर हा लांब फटक्याचा क्लब (काठी) बऱ्यापैकी सरळ मारणारी माणसेही ग्रीनपासून तीस यार्डांवर आली की बिचकतात, आणि ‘शॉर्ट गेममध्ये (ग्रीनजवळच्या खेळात) मला आत्मविश्वासच नाही’ असे आपल्या स्वभावाचे निदान करून मोकळी होतात. माझ्या मते यात स्वभावाचा दोष फार थोडा असतो. या मंडळींना एक फटका नीट येत असतो आणि तोच ती दुसऱ्याच्या जागी मारत असतात.

व्याख्या सोपी आहे, म्हणून ती लगेच उरकतो. चेंडू हवेत थोडा आणि जमिनीवर जास्त चालला तर तो चिप. हवेत जास्त चालला आणि पडल्यावर थोडाच घरंगळला तर तो पिच. यात अंतर कुठे येत नाही आणि क्लबचे नावही येत नाही. 1982 च्या यू.एस. ओपन स्पर्धेत पेबल बीच कोर्सच्या सतराव्या होलवर टॉम वॉटसनने ग्रीनलगतच्या रफमधून, म्हणजे वाढलेल्या गवतातून, चेंडू थेट कपात घातला, तो सँड वेजने; वेज म्हणजे चेंडू उंच उडवणारा तिरप्या तोंडाचा क्लब. तरीही चेंडू ग्रीनच्या कडेला टेकला आणि बाकीची वाट त्याने पटरने (ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याच्या क्लबने) मारल्यासारखी घरंगळत कापली. 1987 च्या मास्टर्स स्पर्धेत ग्रेग नॉर्मनविरुद्धच्या प्लेऑफमध्ये लॅरी माइझ अकराव्या होलवर कपापासून सुमारे 140 फूट, म्हणजे पंचेचाळीसहून अधिक यार्ड दूर होता. त्याने चेंडूला ग्रीनच्या अलीकडेच टप्पा दिला आणि पुढचे काम जमिनीवर सोपवले. पहिल्या फटक्यातला क्लब आणि दुसऱ्यातले अंतर पाहून कोणीही त्यांना पिच म्हटले असते, पण दोन्ही जातीने चिपच. गोंधळात भर घालणारे आणखी एक नाव म्हणजे पिचिंग वेज. त्याने पिच मारता येतो हे खरे, पण तो माझ्या हातात येतो तो बहुधा चिपसाठी.

चिप बहुतेकांना येतो, त्यामुळे त्याबद्दल एवढेच सांगतो की त्यात खांदे पटिंगसारखे झुलतात, मनगटे गप्प बसतात आणि उरलेला हिशेब अंकगणिताचा असतो. बारातून आयर्नचा, म्हणजे लोखंडी क्लबचा, क्रमांक वजा करायचा, पिचिंग वेजचा क्रमांक दहा धरायचा. उरेल तो आकडा म्हणजे हवेतल्या एका भागामागे जमिनीवरचे भाग. ग्रीनची कड दोन पावलांवर आणि पिन (कपातली झेंड्याची काठी) बारा पावलांवर असेल, तर चेंडू तिसऱ्या पावलावर टेकवून नऊ पावले घरंगळू द्यायचा, म्हणजे एकास तीन, म्हणजे नऊ नंबरचे आयर्न. ग्रीन सपाट नसेल किंवा फार वेगवान असेल, तर या हिशेबात फेरफार करावा लागतो, पण सुरुवात इथूनच करावी.

आता खरी मेख. वेज जमिनीवर टेकवून बाजूने पाहिला तर त्याच्या तळाचा मागचा भाग पुढच्या धारेपेक्षा किंचित खाली असतो. त्या कोनाला बाउन्स म्हणतात, आणि वेज मातीत न रुतता गवतावरून सरकतो तो त्याच्याच कृपेने. समजा, तुमच्या सँड वेजचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा तिरपेपणा, 56 अंश आणि बाउन्स 12 अंश आहे. चिप मारताना आपण चेंडू मागच्या पायाकडे ठेवतो आणि हात पुढे झुकवतो. शाफ्ट (क्लबची दांडी) दहा अंश पुढे कलला की लॉफ्ट उरतो 46 आणि बाउन्स उरतो 2. दुकानातून सँड वेज आणला, पण प्रत्यक्ष हातात आहे तो बाउन्स जवळजवळ नसलेला पिचिंग वेज! चिपमध्ये हे खपून जाते, कारण झोका आखूड असतो, क्लब हळू येतो आणि जमिनीला जेमतेम शिवतो. हीच ठेवण घेऊन पिचचा मोठा झोका घेतला, की क्लब उंचावरून, वेगाने आणि धारेवर उतरतो आणि फावड्यासारखा जमिनीत शिरतो. चेंडू हातभर पुढे जातो. असे दोनदा झाले की तिसऱ्या वेळी माणूस भीतीने क्लब वर खेचतो, धार चेंडूच्या पोटावर बसते आणि चेंडू ग्रीनपलीकडच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. यालाच पुढे आत्मविश्वासाचा अभाव असे भारदस्त नाव मिळते.

पिचमध्ये म्हणूनच चेंडू दोन पायांच्या मध्यभागी, शाफ्ट जवळजवळ उभा, मनगटे मागच्या झोक्यात मोकळी, आणि फटक्यानंतर छाती पिनकडे वळलेली हवी. क्लबच्या धारेऐवजी तळ जमिनीला भेटला पाहिजे. दोन फटक्यांतला हा फरक कानांनीही ओळखता येतो: चिपचा आवाज ‘टक्’ असा कोरडा येतो, तर पिच नीट बसला की तळ गवतावर आपटून ‘थप्’ असा आवाज येतो. काही प्रशिक्षक हल्ली चिपसुद्धा शाफ्ट फारसा न झुकवता शिकवतात आणि ओल्या जमिनीवर मला ते पटते. चिपची ठेवण पिचला लावण्याचे समर्थन मात्र मी अजून कोणाकडून ऐकलेले नाही.

आपल्याकडे याला आणखी एक कारण जोडले जाते. बर्म्युडा म्हणून जे गवत कोर्सवर मिरवते, ते आपल्या हरळीचेच कुळ, आणि हरळी किती चिवट असते हे शेतकऱ्याला विचारावे. गवताचा कल आपल्याकडे असेल, तर धारेने उतरणारा क्लब त्यात अडकतोच. पुण्यामुंबईकडे पावसाळ्यात खालची माती भिजलेली असते, तेव्हा कमी बाउन्सचा वेज घेऊन पिच मारणे म्हणजे भातखाचरात नांगर घालणे होय. अशा दिवसांत चेंडू पडल्या जागी चिकटतो, म्हणून चिपचा बारा वजा क्रमांकाचा हिशेबही खोटा ठरतो. तेव्हा मी टप्पा पिनच्या बराच जवळ धरतो.

फटका चुकला की सोबतचा कोणीतरी हमखास म्हणतो, ‘डोके वर उचललेस.’ या वाक्याचा मला मनापासून कंटाळा आहे. डोके उचलले जाते ते बहुतेकदा शेवटी. त्याआधी माणूस चेंडूवर उभा राहूनही चिप मारायचा की पिच हे ठरवत असतो, अर्धा झोका एकाचा आणि अर्धा दुसऱ्याचा घेतो आणि चेंडूपाशी येता येता क्लब मंदावतो. म्हणून निर्णय चेंडूच्या मागे उभे असतानाच झाला पाहिजे, आणि तो घेण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे चेंडू हातात आहे असे समजणे. तो गोटीसारखा सरपटत सोडाल की गल्ली क्रिकेटमधल्या अंडरआर्मसारखा वरून टप्प्यावर टाकाल? मध्ये बंकर किंवा उंच गवत नसेल आणि ग्रीनवर घरंगळायला जागा असेल, तर हात आपोआप पहिले उत्तर देतो. ते उत्तर ऐकावे. 60 अंशांचा लॉब वेज काढून साध्या जागेवरून फ्लॉप, म्हणजे उंच उडून जागीच थांबणारा फटका, मारण्याची हौस ज्यांना आहे, त्यांचे स्कोअरकार्ड मी पाहिलेले आहे.

सरावात दोन्ही फटक्यांची सरमिसळ करू नये. टप्प्याच्या जागी हातरुमाल पसरून आधी वीस चिप मारावेत आणि त्यांत क्लब बदलत राहावे, झोका तोच ठेवावा. मग रुमाल पंधरा-वीस पावलांवर नेऊन पिच मारावेत आणि तिथे क्लब एकच ठेवून झोक्याची लांबी बदलावी. चेंडू न ठेवता नुसता तळ गवतावर ‘थप्’ वाजेपर्यंत पाच-सहा झोके आधी घ्यावेत. फ्रिंजवरचे, म्हणजे ग्रीनच्या कडेचे, गवत आखूड आणि कोरडे असेल, तर वेज पिशवीतच राहू द्यावेत आणि सरळ पटर काढावा.