ओबीसी दाखला जोडल्याने ओपनची जागा जात नाही

नीटचा निकाल लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात एक सल्ला हमखास ऐकू येतो: "मार्क चांगले आहेत ना, मग फॉर्मात कॅटेगरी टाकू नको. टाकलीस तर ओपनची जागा मिळायची नाही."

हे साफ चुकीचं आहे. ओपन ही कुठल्या जातीची जागा नाही; ती गुणवत्ता यादीतल्या सगळ्यांची. समजा, कुडाळची एक कुणबी मुलगी यादीत बरीच वर आहे आणि तिने सिंधुदुर्गचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मागितलंय. तिला जागा ओपनमधून मिळते आणि ओबीसीची जागा पुढच्या मुलासाठी राहते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातलंच हे तत्त्व. शिवाय ओपनमधून सिंधुदुर्ग आणि ओबीसीतून मुंबई मिळत असेल, तर तिला मुंबई घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रितेश साह प्रकरणात हे मान्य केलंय.

कॅटेगरी लपवली तर हा दुसरा दरवाजाच बंद होतो, आणि हे पाहून खरंच जीव तुटतो. घात होतो तो कागदांपायी: जात वैधता प्रमाणपत्र किंवा नॉन-क्रीमी लेयर दाखला (कुटुंब प्रगत गटात मोडत नसल्याचा) मुदतीत नसेल तर आरक्षणाचा दावा जातो. पालकांनो, जात वैधतेचा अर्ज अकरावीतच टाका.