जन्मजात रक्तवाहिनी-वलय: बालकाच्या शस्त्रक्रियेसाठी शासकीय योजनेची पात्रता, कागदपत्रे व प्रक्रिया

महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) किंवा तिच्या शाखांचे जन्मतःच श्वासनलिका व अन्ननलिकेभोवती कडे, म्हणजेच वलय, तयार झाले, तर बाळाचा श्वास घरघरतो, दूध पिताना ते गुदमरते आणि न्यूमोनिया वारंवार होतो. ही लक्षणे दम्यासारखी भासत असल्याने निदान लांबते. औषधाने घरघर हटत नसेल, तर बालहृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाड्या व शासकीय शाळांमध्ये 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते. संशय आल्यास पथकाचे संदर्भपत्र घेऊन जिल्हा रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मिळू शकतो. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबेही पात्र ठरली असून संरक्षण प्रतिकुटुंब वार्षिक 5 लाख रुपयांपर्यंत आहे. शिधापत्रिका आणि आधारकार्ड मूळ प्रतींसह न्यावे. बाळाच्या नावाचे ओळखपत्र नसल्यास जन्मदाखला व पालकासोबतचे छायाचित्र जवळ ठेवावे.

कागदपत्रांत खरे वजन सीटी अँजिओग्राफीच्या (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनच्या) अहवालाला आहे, कारण इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची आतील रचना निर्दोष दिसूनही वलय असू शकते. वलयाचा प्रकार अहवालात स्पष्ट लिहिलेला असावा. महाधमनीची कमान दुहेरी असेल, तर तिची लहान बाजू, बहुधा डावी, छातीच्या डाव्या बाजूने उघडून छेदतात आणि त्यासाठी सहसा हार्ट-लंग मशीन (शस्त्रक्रियेदरम्यान हृदय व फुप्फुसांचे काम करणारे यंत्र) लागत नाही. मात्र डावी फुप्फुस धमनी श्वासनलिकेमागून वळसा घेत असेल, तर बहुधा छातीच्या मध्यभागी छेद व हे यंत्र, दोन्ही लागतात, म्हणून तयारी आणि खर्चही बदलतो.

रुग्णालय योजनेत आहे एवढ्यावर थांबू नये. तेथे बालकांची हृदयशस्त्रक्रिया योजनेतून होते का, हे आरोग्यमित्राला (रुग्णालयातील योजनेच्या मदतनीसाला) दाखल होण्यापूर्वीच विचारावे. नोंदणीनंतर रुग्णालय पूर्वपरवानगीचा प्रस्ताव ऑनलाइन पाठवते. श्वास अडल्याची तातडी असल्यास दूरध्वनीवरून मंजुरी मागण्याची सोय आहे. योजना रोकडरहित असल्याने आधी पैसे भरून नंतर परतावा मिळेल, असे गृहीत धरू नये.

श्वासनलिकेची भिंत दीर्घकाळ दबल्याने मऊ पडलेली असते, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही घरघर काही महिने राहू शकते. फेरतपासणीसाठी डिस्चार्ज कार्ड सांभाळून ठेवावे.