ट्रॅक्टरचं आरसी आहे, ट्रॉलीचं कुठाय?

दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोद्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. हेडमागे, म्हणजे ट्रॅक्टरमागे, दोन ट्रॉल्या आणि ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, कोपीचं म्हणजे राहायच्या झोपडीचं सामान. काही टोळ्या सांगली-कोल्हापूरला उतरतात, काही थेट बेळगाव-बागलकोटपर्यंत जातात. उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, टोळी नेणाऱ्या मुकादमाचे फोनवर फोन येत असतात, कागद बघायला कुणालाच सवड नसते. मग वाटेत गाडी अडते, नाहीतर देव न करो अपघात होतो. तेव्हा कळतं की ट्रॅक्टरचे कागद चोख आहेत, पण ट्रॉलीचा एकही नाही.

कायद्याच्या लेखी ट्रॉली हे स्वतंत्र वाहन आहे. तिला स्वतःचा नंबर लागतो आणि स्वतःचं आरसी, म्हणजे नोंदणीचा दाखला लागतो. एक हेड आणि दोन ट्रॉल्या असतील तर आरसी तीन. 'ट्रॅक्टरच्या नंबरावर चालतं' असं सांगणारे गावोगाव भेटतात, त्यांचं ऐकू नका.

अर्ज अवघड नाही. आपल्या भागातल्या आरटीओत फॉर्म २०, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, विमा, फी. ट्रॉली कर्जावर असेल तर त्याच फॉर्मवर बँकेची सही. एवढं सगळं एका दिवसात जमतं.

घोडं अडतं ते फॉर्म २१ आणि २२ पाशी. २१ म्हणजे विक्रीचा दाखला. २२ म्हणजे वाहन रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा बनवणाऱ्याचा दाखला. हा दुसरा दाखला ज्याच्या ट्रॉलीच्या नमुन्याला मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी होऊन मंजुरी मिळालीय, त्यालाच देता येतो. आपल्याकडे मात्र ट्रॉली बनते तालुक्याच्या वर्कशॉपात. काम मजबूत असतं, पैसेही कमी लागतात, पण त्या वेल्डरकडे मंजुरी नसते. तो साध्या वहीच्या कागदावर पावती देतो आणि आरटीओच्या खिडकीवर ती पावती परत येते. म्हणून इसार देण्याआधीच विचारा: २१, २२ देणार का? मंजुरीचा कागद दाखवता का? टाळाटाळ झाली तर पुढचं दुकान बघा. ट्रॉली आधीच घेतलेली असेल तर एखादा एजंट 'जुन्या ट्रॉलीचं आरसी बसवून देतो' म्हणतो. म्हणजे दुसऱ्याच्या ट्रॉलीचा चेसिस नंबर, सांगाड्यावर कोरलेला तो, आपल्या ट्रॉलीवर ठोकायचा. हा गुन्हा आहे आणि त्यात एजंट नाही, मालक अडकतो.

चेसिस नंबरावरून आठवलं. फॉर्मवर त्या नंबराची पेन्सिलछाप लागते. गेल्या हंगामाआधी एकजण तीन वेळा परत आलेला मी पाहिला. नंबरावर रंगाचे दोन थर होते, छाप उमटेचना. शेवटी मी त्याला रॉकेलचा बोळा आणि बारीक पॉलिश पेपर दिला, पाच मिनिटांत आकडे वर आले. खिडकीवरच्या माणसाला हे पहिल्या दिवशीच सांगता आलं असतं. हेलपाटे घालणाऱ्याच्या तीन दिवसांच्या मजुरीची काळजी कुणी करायची?

जुनी ट्रॉली घेतली असेल तर शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं म्हणजे ती नावावर झाली असं नाही. फॉर्म २९ आणि ३० भरा. घेणाऱ्याला मुदत ३० दिवसांची आहे. मालक वारला असेल तर वारसाने फॉर्म ३१ तीन महिन्यांच्या आत द्यावा. घरात दुःख असतं, तीन महिने कसे जातात कळत नाही, म्हणून दिवसकार्य उरकलं की हे काम कुणातरी जबाबदार माणसावर सोपवा.

विमा सगळ्यात जास्त बारकाईने वाचा. पॉलिसीत ट्रॉलीचा नंबर आहे का? नसेल तर ट्रॉलीमुळे झालेल्या अपघाताच्या दाव्यात कंपनी हमखास अंग काढून घ्यायला बघते. वापराच्या रकान्यात 'फक्त शेतीकाम' असेल आणि तुम्ही दुसऱ्यांचा ऊस भाड्याने कारखान्यावर ओढत असाल, तरीही वाद होतो. विमा घेतानाच खरा वापर सांगा, हप्ता थोडा वाढला तरी चालेल. आणि ट्रॉली मालाची आहे. तिच्यात बसलेल्या बायालेकरांना तिचा विमा सहसा लागू होत नाही. कुटुंबाला एसटीने पाठवा, मुकादमाशी करार करतानाच प्रवासभाडं मागून घ्या. रात्रीच्या घाटात उसन्या बॅटरीच्या उजेडात पोरं ट्रॉलीवर झोपलेली दिसली की जीव खालीवर होतो.

कर्नाटकात जायचं म्हणून एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, काढायला लावणारेही आहेत. दुसऱ्या राज्यात वाहन सलग बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलं तरच नवा नंबर घ्यावा लागतो. हंगाम पाच-सहा महिन्यांचा, तेव्हा नंबर बदलण्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

'ट्रॉली जोडली की ट्रॅक्टरचं लायसन्स चालत नाही' अशी भीती घालणारेही असतात, त्यांचं उत्तर ऐकून घ्या. ट्रॅक्टरचं लायसन्स असलेल्याने मागे ट्रॉली जोडली म्हणून ते निरुपयोगी होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सांगितलंय. आरसी, विमा, लायसन्स डिजीलॉकरमध्ये ठेवा. कोपीत पाणी शिरलं तरी मोबाईलवरचे कागद चालतात.

आता फक्त रंगाचा डबा राहिला. ट्रॉलीचा स्वतःचा नंबर तिच्या बाजूला लिहा आणि सगळ्यात मागच्या ट्रॉलीच्या पाठीवर हेडचा नंबर. हेड बदललं की तो नंबरही बदला. मागे लाल रिफ्लेक्टर लावा, आणि ऊस भरल्यावर वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, त्यावर लोंबत नाहीत ना, हे निघण्याआधी एकदा मागे जाऊन बघा.