स्वर्गीय राजा (ख्रिस्ती श्रद्धा)

विश्वावर खरी सत्ता देवाची आहे आणि ती सत्ता येशू ख्रिस्ताच्या रूपाने माणसांत आली, ही ख्रिस्ती धर्माची मध्यवर्ती श्रद्धा. विदर्भातील खेड्यापाड्यांच्या मराठी मंडळ्यांमध्ये (मंडळी म्हणजे एका चर्चचा श्रद्धावंत समुदाय) ती ‘तुझे राज्य येवो’ या प्रभूच्या प्रार्थनेतील (येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतील) तीन शब्दांत नित्य उच्चारली जाते. ‘स्वर्गीय राजा’ हा शब्दप्रयोग मात्र मराठीत जपून वापरावा लागतो. नावाआधी ‘स्वर्गीय’ लागले की आपण त्या माणसाला दिवंगत समजतो. इथे तर मरणातून उठलेल्या, जिवंत राजाबद्दल बोलणे आहे. पुराणातला स्वर्गही वेगळा. तिथे पुण्य सरले की परत फिरावे लागते. बायबलमध्ये येशूचे चरित्र सांगणाऱ्यांपैकी मत्तय ज्याला ‘स्वर्गाचे राज्य’ म्हणतो त्यालाच मार्क आणि लूक ‘देवाचे राज्य’ म्हणतात, आणि मूळ ग्रीक ‘बासिलेया’ या शब्दात मुलखापेक्षा राज्य करण्याचा अर्थ ठळक आहे. म्हणून हे राज्य मेल्यानंतर जायचे ठिकाण एवढेच नसते. देवाची इच्छा जिथे पाळली जाते तिथे ते आजच सुरू झालेले असते.

या कल्पनेचा उगम यहुदी शास्त्रात आहे. इस्राएल लोकांनी इतरांसारखा आपल्यालाही राजा हवा असा हट्ट धरला, तेव्हा शमुवेल संदेष्ट्याने त्यांना बजावले, की राजा तुमची मुले चाकरीला नेईल, उत्तम शेते आणि द्राक्षमळे घेईल, धान्याचा दहावा हिस्सा उचलेल आणि शेवटी तुम्ही त्याचे दास व्हाल (१ शमुवेल ८). नागपूर, भंडारा, चांदा भागात १९५१ मध्ये मालगुजारी (गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत) संपेपर्यंत वेठ आणि वसुली पाहिलेल्या घरांना हा अध्याय समजावून सांगावा लागत नसे. येशूचे राजेपण याच्या अगदी उलट दिसते. तो यरुशलेमेत शिरतो तो घोड्यावर नव्हे, गाढवीच्या शिंगरावर. त्याचा मुकुट काट्यांचा. तो शब्द ऐकला की इकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे बाभळीची फांदी येते. ‘यहुद्यांचा राजा’ ही पाटी त्याच्या डोक्यावर लागते ती वधस्तंभावर, इब्री (हिब्रू), लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत.

मराठी मुलखात या श्रद्धेला एक जुना सूर आधीपासून भेटतो. दिवाळीच्या पाडव्याला ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याला न्यायी राजाची वाट पाहणे ठाऊक असते, आणि महात्मा फुले यांनी तर येशूला बळीराजाच्या परंपरेत बसवून पाहिले होते. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे नव्हे. बळी पाताळात गेलेला राजा, ख्रिस्त मरणावर विजय मिळवलेला प्रभू. तरी गावात ‘तुझे राज्य येवो’ हे शब्द परके वाटत नाहीत, त्यामागे ही ओळख आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. त्याच दशकात कॅथलिक फादरही पोहोचले. पुढे यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट मिशन, अकोला-खामगावकडे अलायन्स मिशन, मेळघाटातील कोरकूंमध्ये आणखी एक मिशन, असे काम पसरत गेले. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी अनाथ मुलांना आसरा दिला. अचलपूरजवळच्या कोठारा येथे कुष्ठरुग्णांची सेवा झाली. राजाच्या आज्ञेचा हा शब्दशः अर्थ होता: मत्तय २५ मध्ये सिंहासनावर बसलेला राजा भुकेल्याला जेवू घालणाऱ्यांना आणि आजाऱ्याला भेटणाऱ्यांना सांगतो, की या माझ्या लहानांतील लहान भावासाठी जे केले ते तुम्ही माझ्यासाठी केले. काही काळ नागपुरात राहिलेले कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) घेतला आणि १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त त्यात एकत्र बसू शकत होते. मिशनच्या बंगल्यापेक्षा दरबार हा शब्द मराठी मनाला जवळचा आहे, हे टिळकांनी अचूक ओळखले.

रोजच्या जगण्यात ही श्रद्धा सर्वांत खोल उतरते ती कर्जाच्या बाबतीत. मराठी बायबलमधील प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ याच्या पाठोपाठ ऋण सोडण्याची विनंती येते, आणि आम्हीही आमच्या ऋण्यांना सोडले आहे असे त्यात कबूल केलेले असते. येशूच्या अरामी बोलीत पाप आणि कर्ज यांना एकच शब्द होता. ‘पाप’ हा शब्द कानावरून निघून जाऊ शकतो. ‘ऋण’ हा पेरणीच्या तोंडावर बी-खतासाठी दारोदार फिरलेल्या माणसाच्या काळजाला लागतो. हिशेब घेणाऱ्या राजाचा दाखला (मत्तय १८) याच प्रश्नाचा आहे. एका चाकरावर दहा हजार तालंतांचे कर्ज होते. एक तालंत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि दीनार ही एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. राजाने ती सोडली. तोच चाकर बाहेर पडून शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. या दाखल्याचा साधा अर्थ असा, की राजाने ज्याला सोडले त्याने उसनवारीवरून शेजाऱ्याशी बोलणे बंद करू नये, हात अडकलेल्याला चारचौघांत टोचू नये, भावकीतला बांधाचा वाद पुढच्या पिढीला देऊ नये. हे बोलायला सोपे आणि करायला फार अवघड आहे.

मजुरीचा दाखलाही असाच झोंबतो. द्राक्षमळ्याचा धनी सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत मजूर आणत राहतो आणि शेवटी आलेल्यालाही पूर्ण दीनार देतो (मत्तय २०). कापसाच्या वेचणीत किलोवर मजुरी मिळते. जेवढा कापूस तेवढा पैसा. हात थकलेल्या म्हातारीच्या ओटीत कमी कापूस पडतो, पण भाकर तिलाही तेवढीच लागते. राजा गरज पाहून देतो, ही गोष्ट तिला दिलासा देते आणि वावराच्या मालकाला अस्वस्थ करते. गुढीपाडव्याला ठरणाऱ्या सालदाराशी (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याशी) कसे वागावे, याचा निकषही इथेच सापडतो.

राजावर विश्वास म्हणजे पावसाची हमी नव्हे. नापिकी श्रद्धावंताच्या वावरातही होते, आणि ती त्याच्या पापाची शिक्षा आहे असे सांगणारा पाळक चुकीचे सांगतो. ज्या राजाने स्वतः काट्यांचा मुकुट घातला त्याच्या नावाने दुःखी घराला दोष देता येत नाही. अशा वेळी मंडळी त्या घरी जाऊन बसते, प्रार्थना करते, चूल पेटेल असे पाहते. पृथ्वीवरच्या सरकारशीही वैर नाही: ‘कैसराचे (रोमन सम्राटाचे) ते कैसराला’ या येशूच्या न्यायाने कर भरायचा, मत द्यायचे, मात्र कोणत्याही पुढाऱ्याला देवाच्या जागी बसवायचे नाही.

ख्रिस्तराजाचा सण पोप अकरावे पायस यांनी १९२५ मध्ये सुरू केला. महायुद्धानंतर राष्ट्रे आणि हुकूमशहा निष्ठा मागत असतानाचा तो काळ होता. आधी हा सण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होत असे. १९७० पासून तो उपासना-वर्षाच्या अखेरच्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटाकडे येतो. विदर्भात तेव्हा सोयाबीन निघालेले, पऱ्हाटी (कापसाची झाडे) पांढरी झालेली आणि तूर फुलोऱ्यात असते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पिकाच्या उपकारस्तुतीची उपासनाही होते. त्या दिवशी वेदीपुढे ज्वारी, कापूस, कोहळा, कुणाच्या घरची अंडी असे जे पिकले ते आणून ठेवतात. ख्रिस्तराजाच्या सणानंतरच्या रविवारी आगमनकाळ (नाताळाआधीचा वाट पाहण्याचा काळ) सुरू होतो आणि मंडळी पुन्हा राजाची वाट पाहू लागते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी, आगमनकाळाच्या अशाच पहिल्या रविवारी, नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये उत्तर भारतातील सहा चर्च-पंथांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना केली.