रिफ्ट एस आणि रिव्हर्ब जी२: सपोर्ट दोघांचाही गेला, पण बंद एकच पडतो

ऑक्युलस रिफ्ट एस मे २०१९ मध्ये आला, एचपी रिव्हर्ब जी२ नोव्हेंबर २०२० मध्ये. दोन्ही व्हीआर (आभासी जग दाखवणारे) हेडसेट पीसीला वायरने जोडायचे, दोन्हींना खोलीत वेगळे सेन्सर लावावे लागत नाहीत आणि दोन्हींचं उत्पादन थांबलंय. वापरलेला हेडसेट शोधणाऱ्याला दोघांत फार फरक वाटत नाही. उलट जी२ मध्ये दर डोळ्याला २१६० गुणिले २१६० पिक्सेल आणि ९० हर्ट्झ मिळतात, तर रिफ्ट एसमध्ये १२८० गुणिले १४४० आणि ८० हर्ट्झ. साहजिकच हात जी२ कडे जातो. घरी आणून जोडला की कित्येकदा पीसी त्याला ओळखतच नाही, आणि मग केबल बदल, पोर्ट बदल, ड्रायव्हर पुन्हा टाक असे दोन-तीन दिवस जातात. हेडसेटमध्ये बिघाड काहीच नसतो.

फरक कळायला आत काय चालतं ते बघावं लागेल. या प्रकारचा हेडसेट एकट्याने फारसं काही करत नाही. कॅमेऱ्यांची चित्रं आणि हालचालीच्या सेन्सरचे आकडे यूएसबीतून पीसीत येतात. तुमचं डोकं आणि हात कुठे आहेत हे पीसीवरचं सॉफ्टवेअर काढतं. गेमने तयार केलेली फ्रेम लेन्सच्या हिशेबाने वाकवून डिस्प्लेपोर्टमधून परत पाठवण्याचं कामही त्याचंच. हे मधलं सॉफ्टवेअर म्हणजे रनटाइम. रिफ्ट एसचा रनटाइम मेटाच्या (ऑक्युलसची मालक कंपनी, पूर्वीची फेसबुक) पीसी ॲपबरोबर येतो, म्हणजे विंडोजच्या दृष्टीने ते बाहेरून टाकलेलं एक ॲप. जी२ चा रनटाइम मात्र खुद्द विंडोजचा भाग होता. नाव विंडोज मिक्स्ड रिॲलिटी, सुरुवात ऑक्टोबर २०१७. एसर, डेल, लेनोवो, आसुस, सॅमसंग, एचपी या सगळ्यांनी हेडसेट बनवले, पण त्यांचा मेंदू मायक्रोसॉफ्टकडेच राहिला.

डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने मिक्स्ड रिॲलिटी काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून ती खरोखरच काढली. पोर्टल ॲप, रनटाइम, स्टीमव्हीआरशी (स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचं व्हीआर सॉफ्टवेअर) जोडणारा दुवा, सगळंच गेलं. नवीन सुविधा बंद करणं समजू शकतं. पण लोकांनी पैसे मोजून घेतलेलं चालतं यंत्र एका नेहमीच्या अपडेटने निकामी करायचं आणि उघडा पर्यायही द्यायचा नाही, हे आम्हाला कुठल्याही बाजूने पटत नाही. जी२ ची किंमत बाजारात आला तेव्हा ५९९ डॉलर होती.

म्हणून जी२, सॅमसंग ओडिसी किंवा या कुटुंबातला कुठलाही हेडसेट चालत नसेल, तर केबलला हात लावण्याआधी विंडोजची आवृत्ती बघा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, 'विनव्हर' टाइप करा. विंडोज १० चं २२एच२ किंवा विंडोज ११ चं २३एच२ दिसलं तर शोध पुढे न्यायला अर्थ आहे. २४एच२ किंवा त्यापुढचं दिसलं तर कारण तिथेच सापडलं. स्टीमव्हीआर फक्त 'हेडसेट सापडत नाही' एवढंच सांगतं, त्यामुळे संशय वायरवर जातो. त्यात जी२ ची पहिल्या खेपेची केबल एएमडीच्या एक्स५७० आणि बी५५० मदरबोर्डांवर खरोखरच त्रास द्यायची. एचपीने नंतर सुधारलेली केबल काढली, तिच्या जोडपेटीवर चालू-बंद करायचं बटण आहे. जुनी केबल असेल आणि विंडोजची आवृत्ती बरोबर असेल, तरच केबलवर पैसे घाला.

अपडेट चुकून झालं असेल आणि दहा दिवस उलटले नसतील तर सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी या वाटेने जाऊन 'गो बॅक' करता येतं. दहा दिवसांनंतर विंडोज जुन्या फाइली पुसतं. मग मायक्रोसॉफ्टचा रनटाइम परत हवा असेल तर २३एच२ नव्याने टाकण्याशिवाय उपाय नाही. तिथेही एक खाच आहे: हेडसेट पहिल्यांदा जोडला की मिक्स्ड रिॲलिटीचा मोठा भाग मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून उतरवून घेतला जातो. तो तिथे कायम राहील असं धरून चालू नका. चालत्या स्थितीतल्या डिस्कची पूर्ण प्रतिमा क्लोनझिलासारख्या मोफत साधनाने बाहेरच्या ड्राइव्हवर काढून ठेवा. फक्त गेमच्या फाइलींचा बॅकअप इथे उपयोगाचा नाही.

२३एच२ वर थांबून राहायचं असेल तर 'अपडेट थांबवा' हे बटण पुरत नाही, काही आठवड्यांनी ते सुटतं. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटर उघडा. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, विंडोज अपडेट, आणि त्यात विंडोज अपडेटकडून येणाऱ्या अपडेटांचा विभाग. 'सिलेक्ट द टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन' चालू करून पहिल्या रकान्यात विंडोज ११ आणि दुसऱ्यात २३एच२ भरा. होम आवृत्तीत हा एडिटर नसतो, तिथे याच नोंदी रजिस्ट्रीत हाताने कराव्या लागतात.

पण याची किंमत आहे. मायक्रोसॉफ्टने २३एच२ वर हे हेडसेट नोव्हेंबर २०२६ पर्यंत चालतील असं म्हटलं होतं, आणि त्याच २३एच२ च्या होम व प्रो आवृत्त्यांचे सुरक्षा अपडेट ११ नोव्हेंबर २०२५ रोजी संपले. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे घरातला मुख्य पीसी, ज्यावर बँकेचे व्यवहार आणि कामाची मेल चालते, तो जुन्या विंडोजवर अडकवून ठेवू नका. पीसीत वेगळा एसएसडी टाका, त्यावर २३एच२, स्टीम आणि गेम एवढंच ठेवा, आणि व्हीआर खेळायच्या वेळी त्या ड्राइव्हवरून पीसी सुरू करा. विंडोज टाकताना दुसरा ड्राइव्ह काढून ठेवला तर बूटच्या फाइली एकमेकांत मिसळत नाहीत.

२०२५ मध्ये आणखी एक वाट निघाली. मिक्स्ड रिॲलिटीवर पूर्वी काम केलेल्या एका इंजिनिअरने ओएसिस नावाचा ड्रायव्हर लिहिला आणि तो स्टीमवर मोफत ठेवला. तो हेडसेटला थेट स्टीमव्हीआरशी जोडतो, मायक्रोसॉफ्टचं पोर्टल मध्ये लागतच नाही, त्यामुळे २४एच२ वरही चालतो. मोठी अट एकच: आला तेव्हा तो फक्त एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांवर चालत होता. तुमच्याकडे एएमडीचं कार्ड असेल तर या ड्रायव्हरच्या भरवशावर जी२ विकत घेऊ नका. एका माणसाने मोकळ्या वेळात हे केलं, त्या अर्थी एवढ्या मोठ्या कंपनीला ते जमण्यासारखं नव्हतं असं म्हणता येत नाही.

आता रिफ्ट एस. उत्पादन २०२१ मध्ये थांबलं, नवीन सुविधा बंद झाल्या, पण विंडोजची आवृत्ती बदलली म्हणून तो मरत नाही. त्याचा रनटाइम मेटाच्या क्वेस्ट हेडसेटना पीसीशी जोडणाऱ्या ॲपमध्येच आहे, आणि ते ॲप कंपनीला स्वतःच्या चालू मालासाठी जिवंत ठेवावं लागतं. हा हेडसेट संपतो तो भागांनी. सगळ्यात आधी केबल जाते: चित्र मधूनच काळं होणं, डोकं डावीकडे वळवल्यावरच आवाज तुटणं ही तिची लक्षणं. केबल हेडसेटच्या बाजूने सुटी होते, तेव्हा आधी ती पूर्ण काढून घट्ट बसवून बघा. दर काही मिनिटांनी यूएसबी तुटल्याचा आवाज येत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाका. मूळ केबल नव्याने मिळणं अवघड आहे, म्हणून ती खुर्चीच्या चाकाखाली येणार नाही आणि हेडसेटभोवती आवळली जाणार नाही एवढं जपा.

पण हा हेडसेट कंपनीपासून मोकळा आहे असंही समजू नका. ७ मार्च २०१८ रोजी रिफ्ट एसच्या आधीचे मूळ रिफ्ट जगभरात एकदम बंद पडले, कारण ऑक्युलसच्या सॉफ्टवेअरमधल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि नूतनीकरण राहून गेलं. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी आली. ती आली कारण तेव्हा रिफ्ट विकला जात होता. रनटाइम वेगळा असला तरी चालू ठेवणारं कुणीतरी लागतंच, आणि लॉगिनही कंपनीच्याच खात्यातून होतं.

पहिला क्वेस्ट याच गटातला, फक्त पीसीऐवजी सगळं त्याच्या पोटात. ३० एप्रिल २०२४ नंतर त्याच्यासाठी दुकानात नवीन ॲप येणं थांबलं, घेतलेले गेम चालत राहिले. त्याला उगाच फॅक्टरी रिसेट मारू नका, कारण नंतर फोनवरच्या ॲपशी आणि खात्याशी पुन्हा जोडणी करावीच लागते. महिनोन्महिने पडून राहणार असेल तर बॅटरी साधारण अर्धी भरून ठेवा.

रखडलेल्या गेमचा संताप याच हिशेबात येतो. पडद्यावरचा साधा गेम दोन-तीन वर्षं उशिरा आला तरी तोच पीसी बहुतेक वेळा पुरतो. व्हीआरमध्ये तेवढ्या काळात हेडसेट यादीतून बाहेर पडतो. सप्टेंबर २०२० मध्ये फेसबुकच्या कार्यक्रमात युबिसॉफ्ट या गेम कंपनीचे दोन व्हीआर गेम जाहीर झाले, असॅसिन्स क्रीड आणि स्प्लिंटर सेल. स्प्लिंटर सेल जुलै २०२२ मध्ये रद्द झाला. असॅसिन्स क्रीड नेक्सस १६ नोव्हेंबर २०२३ ला आला, पण क्वेस्ट २, क्वेस्ट ३ आणि क्वेस्ट प्रोवर. घोषणा ऐकून ज्यांनी रिफ्ट एस किंवा पहिला क्वेस्ट जपून ठेवला, त्यांच्या हाती काहीच लागलं नाही. जीटीए सॅन अँड्रियासची व्हीआर आवृत्ती ऑक्टोबर २०२१ मध्ये क्वेस्ट २ साठी जाहीर झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मेटाने ती बेमुदत थांबवल्याचं सांगितलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्वेस्ट २ ची विक्री गुंडाळत असल्याचं जाहीर झालं. गेम आधी गेला, हेडसेट मागोमाग. तारीख नसलेल्या घोषणेवर हेडसेट घेऊ नका. आज दुकानात असलेल्या आणि त्या हेडसेटचं नाव स्पष्ट लिहिलेल्या गेमवरच घ्या.

पुण्या-मुंबईत वापरलेला हेडसेट घेताना विकणाऱ्याच्या पीसीवर चालतोय एवढं बघून पैसे देऊ नका. त्याचं विंडोज २३एच२ असू शकतं आणि तुमचं नसेल. जी२ असेल तर आधी आपलं ग्राफिक्स कार्ड आणि विनव्हरचा आकडा लिहून न्या, आणि पॉवर ॲडॅप्टर व केबलची जोडपेटी मूळचीच आहे का ते बघा. कंट्रोलरमध्ये प्रत्येकी दोन डबल ए सेल लागतात. ते १.५ व्होल्टचे नवे घालून तपासा, १.२ व्होल्टच्या रिचार्जेबल सेलवर कंट्रोलर बॅटरी संपल्याचं दाखवतात आणि भाव पाडायला खोटं कारण मिळतं. रिफ्ट एस असेल तर हेडसेट डोक्यावर चढवून केबल कानामागे हलकी हलवा आणि किमान वीस मिनिटं सलग गेम चालवा. तुटकी केबल पहिल्या पाच मिनिटांत सहसा पकडली जात नाही.